खुनाचे रहस्य, महानगर आणि न्यायाची कल्पना : मराठी रहस्यकादंबरीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या इतिहासाची मांडणी साधारणतः बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीपासून सुरू होते, हरिभाऊ आपटे यांच्यापाशी स्थिरावते आणि फडके-खांडेकरांच्या कालखंडातून नेमाडे यांच्यापर्यंत येऊन पोहोचते. या मांडणीत रहस्यकादंबरीच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो, तोही रंजनपर वाङ्मय या शीर्षकाखाली. वास्तविक ग्रंथालयांच्या देवघेव विभागात सर्वाधिक हाताळली गेलेली, शिवण उसवेपर्यंत वाचली गेलेली पुस्तके याच प्रकारातील होती. ज्या वाचकाने गंभीर कादंबरी कधी हाती घेतली नाही, त्यानेही बाबूराव अर्णाळकर वाचले होते. इतक्या मोठ्या प्रमाणावर वाचल्या गेलेल्या वाङ्मयाचे वाङ्मयीन मूल्य कोणते, हा प्रश्न समीक्षेचा आहे. त्या वाङ्मयातून समाजाच्या कोणत्या समजुती प्रकट झाल्या, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. महानगरात खून होतो, संशयित अनेक असतात, पुरावे विखुरलेले असतात आणि अखेरीस एक बुद्धिमान पुरुष त्या सर्वांचा अर्थ लावतो, ही या कादंबरीची जगभर मान्य झालेली चौकट आहे. ही चौकट मराठीत आली तेव्हा तिच्यात एक लक्षणीय बदल झाला. मराठी वाचकाने ज्याला सर्वाधिक प्रेम दिले तो नायक पोलीस खात्यातील नव्हता. अनेकदा तर तो पोलिसांनाच हवा असलेला पुरुष होता. खुनाचा उलगडा झाल्यावर न्याय कोणी करावयाचा, या प्रश्नाला मराठी रहस्यकादंबरीने दिलेले उत्तर हे वसाहतकालीन महाराष्ट्राच्या अनुभवातून घडले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मुंबई हे या कादंबरीचे घटनास्थळ. परंतु तिचा वाचक सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरातही होता. म्हणून दोन्ही स्थळांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो.

महानगर आणि रहस्यकादंबरी यांचे नाते

रहस्यकादंबरी ही महानगराची निर्मिती आहे. खेड्यात माणूस माणसाला ओळखतो. कोणाचे कोणाशी वैर आहे, कोण कोणाच्या बांधावरून भांडला, हे पंचक्रोशीला ठाऊक असते. तेथे खून झाला तर प्रश्न पुराव्याचा असतो. खुनी कोण हा प्रश्न सहसा नसतो. महानगरात मात्र शेजारी राहणाऱ्याचे नावही माहीत नसते. गर्दी ही खुन्याला लपण्यासाठी सर्वांत सोयीची जागा ठरते. एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये लिहिलेली आणि या प्रकारातील आद्य समजली जाणारी कथा पॅरिसमध्ये घडते, हा योगायोग नव्हे. त्यानंतर लवकरच, १८४२-४३ मध्ये, युजीन स्यू याची पॅरिसच्या अंतरंगाचे दर्शन घडविणारी कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या धर्तीवर जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याने लंडनची रहस्ये लिहिण्यास १८४४ मध्ये प्रारंभ केला.

याच काळात पोलीस ही आधुनिक संस्था आकाराला येत होती. पॅरिसमध्ये गुन्ह्यांचा शोध घेणारी शाखा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभी राहिली. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन झाले आणि त्याची गुप्त तपास शाखा १८४२ मध्ये सुरू झाली. कॉनन डॉईल याचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये अवतरला तेव्हा लंडनच्या वाचकाला पोलीस खाते परिचयाचे झाले होते. होम्स पोलिसांची थट्टा करतो, क्वचित एखाद्या अपराध्याला स्वतःच्या जबाबदारीवर सोडूनही देतो. परंतु गुन्हेगाराला बहुधा त्यांच्याच हवाली करतो. राज्य आपले आहे आणि कायदाही आपलाच आहे, फक्त त्याला बुद्धीची जोड हवी, ही भूमिका त्या कथांच्या मुळाशी आहे. वसाहतीतील वाचकाला ही भूमिका जशीच्या तशी मानवणे शक्य नव्हते.

भारतात या प्रकाराची सुरुवात निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रीतीने झाली. बंगालमध्ये प्रियनाथ मुखोपाध्याय हे स्वतः पोलीस खात्यात गुप्त तपासाचे काम करीत होते आणि त्यांची ‘दारोगार दप्तर’ ही मालिका १८९२ पासून निघू लागली. हिंदीत गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये ‘जासूस’ हे मासिक काढले. पुढे १९३२ मध्ये शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश कोलकात्यात वावरू लागला. तो स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवतो. पोलीस कचेरीतील दप्तरापासून खासगी सत्यशोधनापर्यंतचा हा बंगाली प्रवास मराठीच्या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहे.

मराठीतील पूर्वपीठिका

मराठी कादंबरीला अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबरीपासून कटकारस्थाने, वेषांतरे व योगायोग यांची परंपरा दिसते. तथापि या कथांचे स्थळ काल्पनिक राज्यांत किंवा गतकाळात असे. समकालीन शहर कादंबरीत आणण्याचे श्रेय हरिभाऊ आपटे यांच्याकडे जाते, आणि येथे एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली पाहिजे. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) ही रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक कादंबरीच्या आधारे लिहिलेली होती. म्हणजेच मराठीतील वास्तववादी सामाजिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी यांचा उगम काही अंशी एकाच पाश्चात्त्य स्रोतात आहे. हरिभाऊंनी त्यातून समाजचित्रण घेतले. इतरांनी रहस्य घेतले. पुढे एका शाखेला प्रतिष्ठा लाभली आणि दुसरी रंजनाच्या खात्यात जमा झाली.

रहस्याची शाखा पुढे नेणाऱ्यांत गो. ना. दातारशास्त्री यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘अधःपात’ इत्यादी त्यांच्या कादंबऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वाचकांच्या एका पिढीला झपाटून टाकले होते. रेनॉल्ड्सच्या कथानकांना त्यांनी इतका देशी पेहराव चढविला की मूळ परके आहे याची वाचकाला जाणीव होऊ नये. परंतु दातारशास्त्रींच्या कादंबरीतील रहस्य भुयारे, गढ्या आणि जहागिरी यांच्या भोवती फिरते. खून आहे, पण महानगर नाही. मोटार, टेलिफोन, भाड्याची खोली आणि अनोळखी शेजारी ही सामग्री मराठी रहस्यकथेत यावयाची तर मुंबई आधी तशी व्हावी लागणार होती.

मुंबई : अनोळखी माणसांचे शहर

गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांमुळे मुंबई शहर वेगाने वाढले. १९३१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेअकरा लाखांहून अधिक होती. त्याहून बोलका आकडा १९२१ च्या जनगणनेचा आहे. त्या वेळी शहरातील दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक शहराबाहेर जन्मलेले होते. कोकण, देश, गुजरात, उत्तर हिंदुस्थान येथून आलेली ही माणसे एकमेकांना पूर्वपरिचयाने ओळखत नव्हती. नाव बदलून राहता येईल, मागील आयुष्य पुसून नवे सुरू करता येईल, अशी शक्यता महाराष्ट्रात प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. रहस्यकादंबरीला लागणारी भूमी ती हीच.

या शहराचे पोलीस खाते देशातील जुन्या खात्यांपैकी एक होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी मुंबईचा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट हा वेषांतर करून शहरात हिंडे व माहिती काढे, अशी त्याची ख्याती होती. त्याने शोधून काढलेल्या कटातील दोन शिपायांना त्या वर्षी एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. मुंबईच्या इतिहासातील पहिला नामांकित गुप्तहेर हा अशा रीतीने परकीय सत्तेचा रक्षक होता, ही बाब डोळ्यांआड करता येत नाही. १८६४ मध्ये शहराला पोलीस आयुक्ताचे पद मिळाले आणि फ्रँक साउटर हा पहिला आयुक्त झाला.

पोलिसांविषयीचा अविश्वास केवळ लोकांच्या मनात होता असे नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील २५ व्या कलमानुसार आरोपीने पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नसे. मारहाणीने कबुलीजबाब मिळविण्याची पद्धत राज्यकर्त्यांना माहीत होती; त्यामुळेच कायद्याला ही तजवीज करावी लागली. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगानेही खात्यातील भ्रष्टाचार व जुलूम यांची कठोर शब्दांत नोंद केली. राज्यकर्ते स्वतःच ज्या खात्यावर विश्वास ठेवावयास तयार नव्हते, त्या खात्यातील अधिकारी प्रजेच्या कादंबरीचा नायक कसा व्हावा?

दुसऱ्या बाजूने, तपासाच्या शास्त्रात हिंदुस्थान मागे नव्हता. बोटांच्या ठशांची वर्गवारी करणारी कचेरी १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. लंडनमध्ये तशी कचेरी १९०१ मध्ये निघाली. या वर्गीकरणाच्या घडणीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, परंतु पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने रूढ झाली. अर्थात साधने होती, बुद्धी होती. अभाव विश्वासाचा होता.

बावला खून खटला : वास्तवातील रहस्यकथा

१२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी मलबार हिलवर घडलेल्या एका खुनाने हा अविश्वास वेगळ्याच पातळीवर नेला. अब्दुल कादर बावला हा धनाढ्य व्यापारी मुमताज बेगम हिच्यासह मोटारीतून जात असता दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने त्यांना अडविले. बावलाचा गोळ्या घालून खून झाला आणि मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राने वार करण्यात आले. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी त्याच वेळी तेथे आले. त्यांनी हल्लेखोरांशी झटापट केली. मुमताज ही पूर्वी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबारी होती आणि तेथून निघून आलेली होती. आरोपींचे धागेदोरे इंदूर संस्थानाशी जुळत होते.

खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. आरोपींपैकी आनंदराव फणसे यांचे वकीलपत्र महमद अली जीना यांनी घेतले होते. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि शामराव दिघे या तिघांना फाशीची शिक्षा झाली व इतर काहींना जन्मठेप. महाराजांवर न्यायालयात खटला झाला नाही. परंतु सरकारने चौकशी आयोग नेमण्याची तयारी दर्शविताच त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

या प्रकरणात रहस्यकादंबरीची सर्व सामग्री होती : मलबार हिल, मोटारी, पिस्तूल, सुंदर स्त्री, राजघराणे आणि उच्च न्यायालय. वृत्तपत्रांनी खटल्याचे वृत्तांत रकानेच्या रकाने छापले. त्याच वर्षी ‘कुलीन कांता’ हा मूकपट या घटनेवर निघाला. मराठी वाचकाला खुनाच्या तपासाची भाषा, म्हणजे पंचनामा, ओळखपरेड, उलटतपासणी, माफीचा साक्षीदार ही शब्दसंपदा, अशा खटल्यांच्या वृत्तांतांतून अंगवळणी पडत गेली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्या मनावर ठसली. गोळी झाडणारे हात फासावर गेले. त्या हातांमागील इच्छेचा निवाडा न्यायालयात झालाच नाही. खुनी सापडला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हा धडा वास्तवाने कादंबरीच्या आधी दिला होता.

बाबूराव अर्णाळकर यांची मुंबई

या पार्श्वभूमीवर बाबूराव अर्णाळकर (१९०६-१९९६) यांच्या लेखनाकडे पाहावे लागते. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. स्वातंत्र्यपूर्व काळाच्या अखेरच्या वर्षांपासून पुढील काही दशके त्यांच्या रहस्यकथा महिन्यामागून महिने प्रसिद्ध होत राहिल्या आणि पुस्तकांची संख्या हजारावर गेली. लहान आकार, थोडी पाने, अल्प किंमत आणि रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकाराचे वेधक मुखपृष्ठ, असे या पुस्तकांचे स्वरूप होते. एका बैठकीत संपणारे आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात बदलता येणारे पुस्तक हा त्यांचा विशेष.

अर्णाळकरांचे झुंझार, काळापहाड, दर्यासारंग, धनंजय व छोटू इत्यादी मानसपुत्र सर्वपरिचित आहेत. त्यांच्यावरील इंग्रजी प्रभाव उघड आहे. फू मांचू हे पात्र तर सॅक्स रोमर यांच्याकडून नावासकट आलेले. त्यामुळे या कथा उसन्या आहेत, असा निर्णय देऊन अनेक अभ्यासक थांबतात. वास्तविक खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्या काळी इंग्रजी रहस्यकादंबरीत अनेक प्रवाह होते. एक प्रवाह ॲगाथा ख्रिस्तीप्रणीत होता, ज्यात बहुधा एखाद्या खेड्यात किंवा वाड्यात मोजक्या संशयितांमध्ये खुनी शोधला जातो. दुसरा स्कॉटलंड यार्डच्या अधिकाऱ्यांचा होता. तिसरा सज्जन दरोडेखोराचा, म्हणजे कायद्याबाहेर राहून दुष्टांना शासन करणाऱ्या पुरुषाचा होता. मराठीत या तिन्हींपैकी तिसरा प्रवाह सर्वांत खोल रुजला. उसनवारीतही निवड असते आणि निवड हा इतिहासाचा पुरावा असतो.

झुंझार हा पोलिसांच्या लेखी गुन्हेगार आहे. वाचकाच्या लेखी तो न्याय करणारा आहे. काळापहाडाची गोष्ट याहून वेगळी नाही. समाजात प्रतिष्ठित म्हणून मिरवणारे सावकार, दलाल आणि बनावट परोपकारी हे त्यांचे खरे शत्रू. कायद्याचे हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण कायद्याला लागणारा पुरावा विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी असते. मलबार हिलवरील बंगला, गोदीतील अंधारे गुदाम आणि गिरगावातील गजबजलेला रस्ता ही या कथांतील मुंबई नकाशावरील मुंबईशी काटेकोर जुळत नसेल. परंतु सत्ता कोठे राहते आणि संकट कोठून येते, याचा तिचा अंदाज चुकीचा नव्हता.

या प्रतिपादनाला एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. धनंजय हा रूढ अर्थाने गुप्तहेर आहे. तो बुद्धीने गुन्ह्याचा माग काढतो आणि पोलिसांशी त्याचे वैर नाही. म्हणजे कायद्याच्या चौकटीतील नायकही मराठी वाचकाला अमान्य नव्हता. मात्र धनंजयसुद्धा खात्याचा नोकर नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. खात्यातील अधिकारी या कथांत असतात, ते प्रामाणिकही असतात. पण उलगडा त्यांच्या हातून होत नाही. येथे एक कायदेशीर योगायोग नमूद करण्याजोगा आहे. रहस्यकथेचा शेवट अनेकदा गुन्हेगाराच्या कबुलीने होतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. खासगी व्यक्तीजवळ दबावाविना दिलेली कबुली मात्र न्यायालय विचारात घेऊ शकते. लेखकांच्या मनात हे कलम होते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कायदा आणि कादंबरी या दोहोंची मूळ शंका एकच होती.

सोलापूरचा वाचक

मुंबईच्या या कथांचा वाचक मुंबईपुरता मर्यादित नव्हता. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि १८७० च्या दशकापासून येथे कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. गिरणी, चाळ, पाळी आणि भोंगा यांनी बांधलेले दिवसमान मुंबईप्रमाणे सोलापुरातही होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक एकाच पेठेत राहत. अशा शहरातील वाचकाला रहस्यकथेतील मुंबई अगदी परकी वाटण्याचे कारण नव्हते. ती त्याच्या शहराची मोठी आवृत्ती होती. स्थानकावरील पुस्तकांचा स्टॉल, पेठेतील वाचनालय आणि हातोहात फिरणारी प्रत या मार्गांनी अशी पुस्तके महाराष्ट्रातील गावोगावी पोहोचली. विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असणे हे या वाङ्मयाचे वैशिष्ट्य होते.

सोलापूरच्या वाचकाची न्यायाविषयीची समजूत घडविणारी एक घटना मात्र खास या शहराची आहे. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये येथे उसळलेल्या आंदोलनात ८ मे रोजी गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. जमावाच्या प्रक्षोभात पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जळाली आणि काही दिवस शहरातून सरकारची सत्ता नाहीशी झाली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना दोषी ठरविण्यात आले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

सरकारच्या दृष्टीने हा खुनाचा खटला होता : मृत होते, आरोपी होते, साक्षीपुरावा होता, निकाल लागला. शहराच्या दृष्टीने निकाल लागल्यावरही खरा प्रश्न तसाच राहिला. हजारोंच्या जमावातून हे चौघेच कसे निवडले गेले, हा तो प्रश्न होता. सोलापूरने त्यांना हुतात्मे मानले आणि शहराच्या मध्यभागी त्यांची स्मृती जपली. सरकारी निकालपत्रात खुनी आणि लोकांच्या मनात हुतात्मा, हा अंतर्विरोध ज्या शहराने प्रत्यक्ष अनुभवला, त्या शहराला पोलिसांच्या यादीत गुन्हेगार असलेला झुंझार नायक म्हणून पटण्यास फारसे समजावून सांगावे लागले नसेल. १९३० च्या घटनेतून झुंझार जन्मला, असा याचा अर्थ नाही. दोहोंना अर्थ देणारी लोकमानसाची भूमी एक होती, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : नायकाचे स्थित्यंतर

स्वातंत्र्यानंतर पोलीस खाते परक्यांचे राहिले नाही. तरीही रहस्यकादंबरीचा नायक एकाएकी बदलला नाही. अर्णाळकरांचे जुने नायक वाचले जातच होते, ‘नवल’सारख्या मासिकांनी रहस्य व अद्भुत यांना हक्काची जागा दिली, गुरुनाथ नाईक यांनी शेकड्यांनी रहस्यकथा लिहिल्या. भालबा केळकर यांच्या अनुवादांमुळे शेरलॉक होम्स मराठी घरांत पोहोचला. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद या नायकांबरोबरच बॅरिस्टर अमर विश्वास हे पात्र उभे केले. अमर विश्वास हा वकील आहे ही बाब महत्त्वाची आहे, कारण तेथे रहस्याचा उलगडा न्यायालयाच्या आवारात आला. कायद्याबाहेरील नायकाकडून कायद्याच्या भाषेत बोलणाऱ्या नायकाकडे होणारा हा प्रवास स्वतंत्र देशातील वाचकाच्या बदलत्या मनाचा निदर्शक मानता येईल.

याच काळात मुंबईतील दोन प्रकरणांनी वास्तव आणि कादंबरी यांतील अंतर स्पष्ट केले. १९५९ च्या नानावटी प्रकरणात खुनी कोण हे रहस्य नव्हतेच. तरीही ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीला निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. लोकांचा न्याय आणि कायद्याचा न्याय यांतील जुना तंटा येथे भर न्यायालयात मांडला गेला.

दुसरे प्रकरण रामन राघव याचे. मुंबईच्या उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत झोपलेल्या गरिबांचे खून होत होते. २७ ऑगस्ट १९६८ रोजी सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला ओळखून पकडले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. येथे उलगडा केला तो खात्यातील अधिकाऱ्यांनी, चिकाटीने आणि ठशांच्या आधारे. परंतु या प्रकरणाने मराठी रहस्यकादंबरीची एक मोठी उणीवही उघड केली. तिच्यातील मृत सावकार असतो, वारस असतो, नटी असते. पदपथावर झोपणारा मजूर क्वचितच. ज्याच्या मृत्यूने कोणाचा लाभ होत नाही, त्याच्या खुनाचे रहस्य होत नाही. गोरगरिबांचा कैवार घेणाऱ्या नायकांच्या या वाङ्मयात गोरगरिबांचा मृत्यू मात्र कथाविषय झाला नाही. गिरणगाव आणि सोलापूरच्या चाळी यांनी हे वाङ्मय वाचले. त्यांचे स्वतःचे मरण त्यात आले नाही.

पुढे मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मालिकेने पोलीस तपासाला घरातील पडद्यावर आणले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेत शिवाजी साटम यांनी साकारलेला पोलीस अधिकारी देशभर लोकप्रिय झाला. अखेर खात्यातील माणूस नायक झाला; पण तो पुस्तकात नव्हे, पडद्यावर. छापील रहस्यकथेचा जुना वाचकवर्ग तोपर्यंत विरळ होऊ लागला होता.

ऐतिहासिक साधन म्हणून रहस्यकादंबरी

या वाङ्मयाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना सर्वांत मोठी अडचण उपलब्धतेची आहे. स्वस्त कागद, कच्ची बांधणी आणि अखंड वापर यांमुळे या पुस्तकांच्या प्रती वाचूनच संपल्या. ज्या उरल्या त्या अनेक ग्रंथालयांनी जीर्ण म्हणून काढून टाकल्या. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी त्या मुळात घेतल्याच नाहीत, कारण त्या अभ्यासक्रमात नव्हत्या. परिणामी, न वाचल्या गेलेल्या अनेक ग्रंथांच्या कोऱ्या प्रती आज उपलब्ध आहेत आणि लाखो लोकांनी वाचलेली पुस्तके दुर्मीळ झाली आहेत. सतीश भावे यांनी संपादित केलेल्या ‘निवडक बाबूराव अर्णाळकर’सारख्या प्रयत्नांमुळे काही कथा पुन्हा उपलब्ध झाल्या, परंतु निवड म्हणजे संग्रह नव्हे. मूळ प्रतींवरील किंमत, जाहिराती, वाचनालयांचे शिक्के आणि परतीच्या तारखा हीसुद्धा वाचनाच्या इतिहासाची साधने आहेत, आणि पुनर्मुद्रणात ती उरत नाहीत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मराठी रहस्यकादंबरी ही मुंबईच्या महानगरी जीवनातून आणि पाश्चात्त्य नमुन्यांच्या संपर्कातून घडली. तथापि नमुन्यांची निवड स्थानिक अनुभवाने ठरविली.

२. कायद्याबाहेरील नायकाला लाभलेली लोकप्रियता ही वसाहतकालीन पोलीस व न्यायव्यवस्थेवरील अविश्वासाशी सुसंगत आहे. तो अविश्वास खुद्द कायद्यात व सरकारी अहवालातही नोंदलेला होता.

३. बावला प्रकरण (१९२५) व सोलापूरचा १९३० चा खटला यांनी, भिन्न रीतींनी, गुन्हेगार सापडणे आणि न्याय होणे यांतील अंतर लोकांच्या प्रत्ययास आणले.

४. या वाङ्मयाने अन्यायाची जाणीव जागी ठेवली, परंतु न्याय एका असामान्य पुरुषावर सोपविला. संस्था सुधारण्याची कल्पना त्यात फारशी आढळत नाही. कष्टकऱ्यांचे मरणही त्यात अदृश्य राहिले.

शेवटचा मुद्दा आजही विचार करावयास लावणारा आहे. पोलिसांसमोरील कबुली ग्राह्य न मानणारी तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिली. १ जुलै २०२४ पासून तो अधिनियम लागू झाला. दीडशे वर्षांनंतरही कायद्याला ती शंका सोडून देता आलेली नाही. दुसरीकडे, न्यायालयाची वाट न पाहता तत्काळ शिक्षा करणाऱ्या पुरुषाचे आकर्षणही समाजातून गेलेले नाही. झुंझारची पुस्तके वाचनालयातून नाहीशी झाली. त्याची गरज का भासली होती, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपापल्या परिसरातील जुन्या वाचनालयांत उरलेल्या रहस्यकथांच्या प्रती, त्यांवरील शिक्क्यांसह आणि तारखांसह, नोंदवून जतन करणे हे इतिहासाच्या व मराठीच्या विभागांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगे काम आहे.